टॉमी जॉन: शस्त्रक्रियेच्या नावामागचा पिचर

‘अमक्याची टॉमी जॉन झाली, आता पुढचा हंगाम गेला,’ असं बेसबॉलच्या बातम्यांत सर्रास वाचायला मिळतं. जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानीची २०१८ मध्ये झाली ती हीच कोपराची शस्त्रक्रिया. पण ज्या माणसाचं हे नाव, तो २६ हंगाम खेळलेला अव्वल पिचर (बेसबॉलमधला चेंडू टाकणारा) होता, हे नव्या प्रेक्षकांच्या गावीही नसतं.

१९४३ मध्ये इंडियाना राज्यात जन्मलेले जॉन डावखुरे. वेगाची त्यांना फारशी देणगी नव्हती. फलंदाजापाशी येता येता खाली बसणारा ‘सिंकर’ हे त्यांचं हत्यार. १९६३ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाकडून सुरुवात, मग शिकागो आणि १९७२ पासून लॉस एंजेलिस डॉजर्स. १९७४ चा हंगाम निम्मा सरला तेव्हा त्यांच्या खात्यावर १३ विजय होते आणि पराभव फक्त ३ (बेसबॉलमध्ये संघाचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर मांडतात).

१७ जुलैला माँट्रियलविरुद्ध एक चेंडू टाकताना डावं कोपर गेलं. क्रिकेटच्या गोलंदाजाला हात सरळ ठेवावा लागतो; पिचर मात्र दुमडलेलं कोपर झटक्यात सरळ करतो आणि तो सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, सोसतं. ते तुटलं की तोवर कारकीर्दच संपायची. डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी वेगळा विचार केला. मनगटाजवळ एक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) असतो, तो काढला तरी हाताचं काही अडत नाही. २५ सप्टेंबरला त्यांनी जॉन यांच्या उजव्या हातातला तो टेंडन काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवला. पुन्हा पिचिंग करता येण्याची शक्यता जोब यांच्या अंदाजाने शंभरात एक होती.

पुढे मज्जातंतूच्या त्रासाने बोटं आखडली, डिसेंबरात दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा अख्खा हंगाम सरावात गेला. शस्त्रक्रियेचं कौतुक सगळेच करतात. मला ते वर्ष जास्त मोठं वाटतं, कारण या वाटेने आधी कोणी गेलंच नव्हतं. एप्रिल १९७६ मध्ये जॉन परतले. १९७७ मध्ये २० विजय, मग न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२. हातात डॉजर्सच्या वेगवान पिचर सँडी कूफॅक्सचा वेग बसवा म्हटलं तर डॉक्टरांनी कूफॅक्सच्या बायकोचा बसवला, असा विनोद ते स्वतःच करत.

१९८९ मध्ये, ४६ व्या वर्षी ते थांबले. एकूण विजय २८८. त्यांतले १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. तीनशेचा टप्पा १२ विजयांनी हुकला आणि त्या दुखापतीने दीड हंगाम गिळला होता, हा हिशेब कोणीही करावा. हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानासाठी ७५ टक्के मतं लागतात. १५ वर्षांच्या मतदानात त्यांना सर्वाधिक मिळाली ती ३१.७ टक्के. जोब यांचा मात्र त्याच संस्थेने २०१३ मध्ये सन्मान केला.

आज ही शस्त्रक्रिया इतकी रुळली आहे की शाळकरी पोरांवरही होते. कोवळ्या वयात वर्षभर पिचिंग करून कोपरं झिजवण्याच्या या प्रकारावर जॉन यांनी उतारवयात जाहीर टीका केली आहे.