6/6 आलं म्हणजे डोळे फिट, असं काही नसतं

पाऊस लागला की ठाण्याच्या घोडबंदर रोडला संध्याकाळी गाडी चालवणारा पन्नाशीचा माणूस हमखास म्हणतो, नंबर तर वाढला नाहीये, मग डिव्हायडर का दिसत नाही? अहो, डॉक्टरकडचा तो अक्षरांचा तक्ता, ज्यावरून 6/6 ठरतं, डोळ्यांचे डॉक्टर स्नेलेननं 1862 मध्ये काढलेला, त्यात पांढऱ्यावर कुळकुळीत काळी अक्षरं असतात. त्यातून किती बारीक दिसतं तेवढंच कळतं. करड्या रस्त्यावर करडा डिव्हायडर ही भानगडच वेगळी, तिथे कॉन्ट्रास्टच, म्हणजे शेजारच्या दोन गोष्टींच्या उजळपणातला फरकच, नाही.

आणि कॉन्ट्रास्टचं काम मेंदूच्या आधी डोळ्याच्या पडद्यातच सुरू होतं, मला तर हे लय भारी वाटतं. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास आणि मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा-बारा लाख. सगळं पाठवणं शक्यच नाही, मग फरक तेवढा पाठवायचा. 1953 मध्ये स्टीफन कफलर या शास्त्रज्ञानं मांजराच्या डोळ्यात बघितलं की पडद्यातल्या गँग्लियन पेशीच्या (मेंदूकडे सिग्नल पाठवणाऱ्या पेशीच्या) हद्दीत मधोमध उजेड पडला की ती जोरात सिग्नल देते, भोवतीच्या कड्यावर पडला की गप्प होते (काहींचं बरोब्बर उलटं). सगळीकडे सारखाच उजेड असेल तर अधिक-वजा होऊन हाती फारसं काही उरत नाही. आता मध्ये उजेड-अंधाराची एक कड आली समजा. उजेडाच्या बाजूला अगदी कडेला बसलेली पेशी घ्या, तिचं मधलं पूर्ण उजेडात पण कड्याचा थोडा भाग अंधारात, म्हणजे वजाबाकी कमी, म्हणजे ती मागच्या शेजारणींपेक्षा जास्त ओरडते. अंधाराच्या बाजूवालीच्या कड्यावर थोडा उजेड सांडतो म्हणून ती जास्तच दबते. झालं, कडेला उजळ आणखी उजळ, काळं आणखी काळं! पाऊस उघडल्यावर येऊरच्या डोंगररांगा एकामागे एक दिसतात तेव्हा पुढच्या रांगेला लागून मागची रांग फिकट दिसते ना, त्यात धुक्याचा हात असतोच, पण थोडी कलाकारी डोळ्याची. कडेला दिसणाऱ्या या उजळ-काळ्या पट्ट्यांबद्दल माख या शास्त्रज्ञानं 1865 मध्ये लिहून ठेवलंय.

याच हिशोबानं पट्ट्यांची जाडी बघा. हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी साधारण दोन अंश. तेवढ्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सहा ते दहा जोड्या बसत असतील तर त्या अगदी फिकट असल्या तरी दिसतात. फार जाड पट्टी पेशीचं मधलं आणि कडं दोन्ही व्यापते, हिशोब शून्य. फार बारीक पट्ट्या मधल्यामध्येच मिसळून जातात, अंगठ्याएवढ्या रुंदीत जोड्या शंभर-सव्वाशेच्या वर गेल्या की काळ्याभोर असल्या तरी सपाट करडं. कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी 1968 मध्ये याच्या पुढचं सांगितलं, वेगवेगळ्या जाडीसाठी आपल्याकडे वेगवेगळ्या गाळण्या आहेत, पण ते गणित इथे नको.

वय वाढलं की भिंग गढूळ होतं, उजेड आत पसरतो आणि आधी मार खातो तो कॉन्ट्रास्ट. तक्ता मात्र वाचता येतो. यावर उपाय म्हणून उगवत्या सूर्याकडे टक लावून बघा असा फॉरवर्ड फिरतोय, कृपा करून बघू नका, पडद्याला इजा होते आणि ती कायमची राहू शकते. त्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरला पेली-रॉबसन तक्ता आहे का विचारा, 1988 चा आहे, अक्षरं सगळी एकाच मापाची, दर तीन अक्षरांनंतर फिकी होत जाणारी.