कारखान्याचं छप्पर लहान, सावली मोठी

किर्लोस्करांच्या कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, १९१० साली वसली, तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळ औंध संस्थानातला नुसता माळ होता. आज उपग्रहाच्या चित्रात तिथली छपरं लगेच दिसतात, कारण पत्रा ऊन परतवतो आणि उजळ उमटतो. पण सांगली जिल्ह्यात उद्योगांनी जमिनीचा वापर किती बदलला, हे छपरं मोजून कळणार नाही. साखर कारखान्याचंच घ्या. गाळपाची इमारत आणि ऊस टाकायची गव्हाण मिळून जागा ती केवढी! पण तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा, म्हणजे त्यातून निघणारी साखर, घटतो, म्हणून तो शक्यतो जवळच्या शिवारातूनच यावा लागतो. परिणामी जिथं शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, होता, तिथं ऊस येतो. एक वीट न लावता झालेला हा बदल माझ्या मते जास्त मोठा आहे.

तो शोधायला आधी जुना नकाशा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. तो स्कॅन करून न हललेल्या खुणांवर, म्हणजे जुनं देऊळ, रेल्वेचा पूल यांवर, बसवायचा आणि वर उपग्रहाची चित्रं ठेवायची. १९७२ च्या पहिल्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका, म्हणजे त्यातला सर्वांत लहान चौकोन, जवळजवळ दीड एकराचा होता. १९८२ पासून तो ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा झाला. २०१५ साली आलेल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा! आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीला हेच माप सोयीचं. ही चित्रं फुकट मिळतात.

हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागलं की हिरवेपणाचा आकडा मिळतो. एप्रिलमध्ये शाळूचं रान मोकळं असतं आणि ऊस हिरवागार, म्हणून एप्रिलचं चित्र बघावं असं वाटतं. पण पलूस-तासगावकडं त्याच महिन्यात द्राक्षाची खरड छाटणी होते, वेलीवर पान उरत नाही. लाखमोलाची बाग उपग्रहाला पडीक दिसते! म्हणून वर्षभराची चित्रं लागतात. ऊस बहुतेक काळ हिरवा, शाळू हिवाळ्यापुरता, तर द्राक्षाचा आकडा एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या अशा दोन्ही छाटण्यांना घसरतो. पावसाळ्यात मात्र ढग आडवे येतात.

एवढं करूनही ऊस वाढला तो कारखान्यामुळं की ताकारी-टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यामुळं, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी पाणी आलेलं पण कारखान्यापासून लांब असलेलं गाव आणि दोन्ही जवळ असलेलं गाव शेजारी ठेवायचं. पाणी कधी आलं, गाळप कधी सुरू झालं, ती सालं वेगवेगळी लिहून घ्यायची. आणि मग गावात जाऊन विचारायचं, या रानात पहिला ऊस कधी लावला?