लॉस एंजेलिसच्या पोटातले भ्रंश

९ फेब्रुवारी १९७१ रोजी लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, तेव्हा जमीन रस्त्यांमधून आणि घरांखालून उघड उघड फाटली होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला: सक्रिय भ्रंशाची, म्हणजे ज्या चिरेवरून खडक सरकतात तिची, रेघ जिथे जमिनीवर येते, तिच्या डोक्यावर राहती घरं बांधायची नाहीत. कायदा चांगलाच आहे. पण त्याची सारी भिस्त डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेवर आहे, आणि या शहराखालचे काही अत्यंत घातक भ्रंश वर येतच नाहीत.

१७ जानेवारी १९९४ ला पहाटे साडेचारला नॉर्थरिजचा ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तो अशाच एका भ्रंशावर. सुरुवात सुमारे १८ किलोमीटर खोल झाली, खडकाचं सरकणं वर वर पसरत आलं आणि जमिनीच्या काही किलोमीटर खालीच थांबलं. मूळ भ्रंशाची भेग वर कुठेच सापडली नाही. मोजमापात दिसलं ते हे, की उत्तरेकडच्या सांता सुझाना डोंगरांचा काही भाग सुमारे ४० सेंटिमीटर उंच झाला होता. अशा भ्रंशांना भूवैज्ञानिक ब्लाइंड थ्रस्ट म्हणतात.

याचं मूळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या सॅन अँड्रियास भ्रंशात आहे. तिथे दोन भूपट्ट एकमेकांना घासून सरकतात. पण लॉस एंजेलिसच्या उत्तरेला हा भ्रंश मोठं वळण घेतो आणि घासण्याच्या जोडीला रेटारेटी सुरू होते. त्या दाबाने शहराचं खोरं उत्तर-दक्षिण आवळलं जातं, वर्षाला काही मिलिमीटर. खोलवरचा कठीण खडक तिरक्या चिरेवरून शेजारच्या खडकावर चढतो. त्यावरचा कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ तुटत नाही, ढकललेल्या सतरंजीसारख्या वळ्या घेतो. इथल्या कित्येक बुटक्या टेकड्या म्हणजे या वळ्याच. भेग दिसत नसली तरी टेकडी दिसते, फक्त ती वाचता यायला हवी.

ती वाचायला मदत झाली तेलवाल्यांची. वळ्यांच्या माथ्यात खनिज तेल अडकून राहतं, म्हणून तेल कंपन्यांनी या खोऱ्यात जमिनीत कंपनं सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून खालच्या थरांची चित्रं कधीच काढून ठेवली होती. १ ऑक्टोबर १९८७ ला व्हिटियर नॅरोजचा ५.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तोही भेग न पाडता. पुढे भूशास्त्रज्ञ जॉन शॉ आणि पीटर शिअरर यांनी तेलासाठी काढलेली ही चित्रं आणि भूकंपाच्या नोंदी एकमेकांवर बसवल्या आणि १९९९ मध्ये दाखवून दिलं, की हा भूकंप घडवणारा प्युएन्टे हिल्स भ्रंश थेट लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागाखालून जातो. जेम्स डोलन आणि सहकाऱ्यांनी मग गाळात बोअर घेतले आणि कोणता थर किती वाकला आहे ते पाहिलं. जुना थर जास्त वाकलेला, नवा कमी. थरांची वयं काढली की कधी किती हालचाल झाली ते कळतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: गेल्या ११ हजार वर्षांत इथे ७.२ ते ७.५ तीव्रतेचे किमान चार भूकंप झालेत.

काळजीची खरी गोष्ट उताराच्या दिशेत आहे. नॉर्थरिजचा भ्रंश दक्षिणेकडे उतरतो, म्हणून सरकणारा खडक उत्तरेकडे चढत गेला आणि सर्वांत जोरदार लाटा विरळ वस्तीच्या डोंगराळ भागाकडे गेल्या. प्युएन्टे हिल्स नेमका उलटा, उत्तरेकडे उतरणारा. तो मोठ्या भूकंपात सरकला तर ऊर्जेचा रोख दक्षिणेला, भरवस्तीच्या खोऱ्याकडे असेल. या खोऱ्यात मऊ गाळ सर्वांत खोल जागी नऊएक किलोमीटर जाड आहे. अशा गाळात लाटा मंदावतात, त्यांची उंची वाढते, आणि त्या कडांवर आपटून परत फिरतात, त्यामुळे हादरे लांबतात. २००५ च्या एका अंदाजानुसार अशा भूकंपात ३ हजार ते १८ हजार माणसं दगावू शकतात. नॉर्थरिजमध्ये साठच्या आसपास दगावली, तीही सुट्टीच्या दिवशी, पहाटे, रस्ते रिकामे असताना.

त्या साठांपैकी १६ जण एकाच तीन मजली अपार्टमेंटमध्ये गेले. वरचे मजले तळमजल्यावर बसले. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंपही असाच, मूळ भेग जमिनीवर न दाखवणारा. आणि केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, साबरमतीच्या गाळावर वसलेल्या अहमदाबादेत कोसळलेल्या कितीतरी इमारतींच्या तळाशी नुसते खांब आणि पार्किंग होतं. पुण्या-मुंबईत अशा इमारतीत राहणाऱ्यांनी खालच्या खांबांकडे एकदा नीट पाहावं.

भ्रंश कुठे आहे हे नेमकं सांगता येत नसेल तर त्याला टाळून बांधता येत नाही. इमारतच बळकट करावी लागते. लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये तसा नियम केला. कमकुवत तळमजल्याच्या लाकडी इमारतींना सात वर्षांची मुदत मिळाली आणि त्यातल्या बहुतेकांचं काम झालंय. जुन्या, ठिसूळ काँक्रीटच्या इमारतींना मात्र २५ वर्षं दिलीत. खर्च प्रचंड आहे, रहिवासी हलवावे लागतात, हे सगळं मान्य. तरीही माणसं सर्वांत जास्त दाटीने राहतात आणि काम करतात अशा इमारतींना सर्वांत लांबची मुदत, हे मला पटत नाही.