चुंबक नव्हे, त्याचं बदलणं

नैराश्यावर 'चुंबकाचे उपचार' करतात, म्हणजे आरटीएमएस, डोक्यावर तारेचं वेटोळं (कॉइल) धरून चुंबकीय ठोके देणं, असं सांगितलं की समोरून दोनपैकी एक वाक्य हमखास येतं. एक, "म्हणजे शॉकच ना?" आणि दुसरं, "आमच्याकडे चुंबकाची गादी आहे, तिच्यावर झोपून पण बरं वाटतं." दोन्ही समज चुकीचे आहेत. गंमत म्हणजे गादीवाल्यांचं उत्तर दहावीच्या विज्ञानातच आहे, फॅराडेच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनात.

१८३१ साली फॅराडेने दाखवलं ते हे, की तारेच्या वेटोळ्याजवळ नुसता चुंबक ठेवला तर काहीच होत नाही, चुंबक हलवला तरच तारेत वीज वाहते. सायकलचा जुना डायनॅमो आठवा, चाक थांबलं की दिवा गेला. आत चुंबक होता तिथेच असतो. वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलण्यातून.

मेंदू हासुद्धा वाहकच आहे, खारट पाण्याने भिजलेला. एमआरआयच्या बोगद्यात माणूस १.५ किंवा ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) क्षेत्रात अर्धा तास पडून राहतो, पण ते मुख्य क्षेत्र स्थिर असल्यामुळे त्याच्या मनःस्थितीत काही फरक पडत नाही. आरटीएमएसच्या यंत्राचं क्षेत्र जेमतेम दीड-दोन टेस्लाचं. फक्त ते शून्यावरून तिथे पोचतं सुमारे १०० मायक्रोसेकंदांत. २ टेस्ला भागिले १०० मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाला २०,००० टेस्ला हा बदलाचा वेग. आता २ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या. त्याच्या परिघावर तयार होणारं विद्युत क्षेत्र म्हणजे त्रिज्येची निम्मी गुणिले हा वेग, म्हणजेच मीटरला २०० व्होल्ट. कवटीखाली पोचेपर्यंत चुंबकीय क्षेत्र बरंच क्षीण होतं, त्यामुळे मेंदूच्या पृष्ठभागावर मीटरला साधारण १०० व्होल्ट उरतात. चेतातंतूला पेटवायला तेवढे पुरतात. एवढा वेग गाठण्यासाठी कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) चार्ज करून एका फटक्यात कॉइलमधून हजारो अँपिअर सोडावे लागतात. कॉइल दरवेळी 'टक्' करते ती त्यामुळेच, आणि पेशंटच्या कानात बोळे घालतात तेही त्यासाठीच.

मग सरळ वीजच का देत नाहीत? कारण मध्ये कवटी आहे. हाड विजेला वाट देत नाही, बहुतेक प्रवाह डोक्याच्या कातडीतूनच पसरतो आणि तिथल्या वेदनेच्या नसा चेतवतो. लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० साली हा प्रयोग करून दाखवला. हात हलला, पण दुखलं. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड आडवं येत नाही. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरली आणि हाताचे स्नायू उडाले, तेही वेदनेशिवाय. इथे चुंबक हा नुसता हमाल आहे. वीज हाडापलीकडे नेऊन ठेवायची, एवढंच त्याचं काम.

हा हात उडणं आजही उपचाराची पहिली पायरी आहे. डॉक्टर डाव्या बाजूला कॉइल सरकवत जातात आणि एका जागी उजवा अंगठा आपोआप टुणकन उडतो. पेशंट बहुधा हसतोच. दहापैकी पाच वेळा अंगठा हलेल इतकी किमान ताकद शोधायची, ही त्या माणसाची पातळी. उपचार तिच्या १२० टक्क्यांवर देतात. जुन्या पद्धतीत तिथून कॉइल पाच-साडेपाच सेंटिमीटर पुढे घेत. डोकी लहान-मोठी असतात, त्यामुळे नेम चुकायचा. आता टोपीवरच्या खुणा किंवा एमआरआयचा आधार घेतात.

निशाणा असतो कपाळामागचा डावा भाग, जो नैराश्यात मंदावलेला आढळतो. तो मेंदूच्या खोलातल्या, भावनांशी जोडलेल्या एका भागाशी संवाद साधतो. कॉइलचा जोर दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे जात नाही, पण जोडणीतून परिणाम खाली पोचतो. नेहमीचा क्रम असा: सेकंदाला १० ठोके, ४ सेकंद, मग २६ सेकंद विश्रांती. असे ७५ फेरे म्हणजे ३,००० ठोके, साडेसदतीस मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. थीटा-बर्स्ट नावाच्या पद्धतीत हेच काम तीन मिनिटांत होतं, आणि २०१८ च्या मोठ्या तुलनेत ती कमी पडली नाही.

अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली ती औषधांनी गुण न आलेल्यांसाठी. गुण किती? २०१० च्या एका चाचणीत खऱ्या कॉइलने १४ टक्के पेशंट पूर्ण सावरले, खोट्या, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा करणाऱ्या कॉइलने ५ टक्के. फरक खरा आहे, पण 'एका आठवड्यात नैराश्य गायब' अशी जाहिरात दिसली तर हे आकडे आठवावेत. आणि गादी? तिचा चुंबक स्थिर असतो, म्हणून वरचा सगळा हिशोब तिथे शून्याने गुणायचा. बरं वाटलं असेल तर ते गाढ झोपेमुळे किंवा भरलेल्या पैशांमुळे.

शॉक वेगळा. त्यात भूल देऊन विजेने मुद्दाम फिट आणतात. सिनेमाने त्याला फुकट बदनाम केलं, तीव्र नैराश्यात तो आजही अधिक प्रभावी आहे. आरटीएमएसमध्ये पेशंट जागा असतो, खुर्चीतून उठून रिक्षाने घरी जातो. थोडं डोकं दुखतं, फिट क्वचितच येते. पूर्वी कधी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर मात्र खुर्चीत बसण्याआधीच सांगायचं.