मोटारगाडीच्या ब्लोअरचा आवाज

मोटारगाडीच्या डॅशबोर्डमधील झडपांतून हवा ढकलणाऱ्या पंख्याला ब्लोअर म्हणतात. एसी आणि हीटर या दोन्हींसाठी पंखा एकच असल्यामुळे एसी बंद असतानाही तो आवाज करू शकतो. खडखड, किरकिर, घरघर अशा रूपांत येणारा हा आवाज बहुतेक वेळा घरच्या घरी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक ब्रश एवढ्या सामग्रीवर घालवता येतो. मोटर खरोखर निकामी झालेली असतेच असे नाही. अनेकदा दोष कचऱ्याचा असतो आणि तो न पाहताच नवी मोटर विकत घेतली जाते.

भारतातील बहुतेक गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली बसवलेला असतो. पंखा पात्यांचा नसून परिघावर उभ्या अरुंद पट्ट्या असलेला ढोल असतो. हवा मधून आत शिरते आणि परिघावरून बाहेर फेकली जाते. पुढे झुकलेल्या अनेक पट्ट्यांचा असा पंखा बेलफास्टच्या सॅम्युएल डेव्हिडसन यांनी 1898 च्या सुमारास विकसित केला. तरुणपणी ते आसामातील काछाडच्या चहामळ्यांवर होते आणि चहा वाळवण्याच्या यंत्रांपासूनच त्यांचे हे काम सुरू झाले. गाडीतील पंख्यामागे साधारणपणे 12 व्होल्टची, कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) असलेली डीसी मोटर असते. तिचा दांडा तेल मुरवलेल्या सच्छिद्र धातूच्या बुशांमध्ये फिरतो.

काहीही उघडण्यापूर्वी आवाज कुठून येतो ते ठरवावे. यासाठी इंजिन बंद, चावी ऑन आणि एसी बंद ठेवून ब्लोअरचे बटण एकेक आकड्याने वाढवावे. आकड्याबरोबर आवाज चढत गेला तर तो ब्लोअरचा. असा आवाज न येता तो फक्त इंजिन चालू असताना येत असेल आणि रेस केल्यावर बदलत असेल, तर कॉम्प्रेसर, पुली किंवा बेल्टकडे पाहावे. गरम-थंडचे किंवा हवेच्या दिशेचे बटण फिरवल्यावर काही सेकंद टकटक होत असेल, तर आतली झडप फिरवणारी छोटी मोटर दोषी असते. पंखा फक्त शेवटच्या आकड्यावर चालत असेल, तर मोटर चांगली असून रेझिस्टर (वीज अडवून पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग) गेलेला असतो, कारण त्या आकड्यावर वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरला मिळते.

आवाजाची जातही बरेच सांगते. पट्ट्यांना काहीतरी घासल्यासारखी फडफड किंवा टकटक म्हणजे सुके पान, कागदाचा तुकडा किंवा फिल्टरचा फाटलेला कोपरा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत वायपरखालच्या जाळीतून पानांचे देठ आत येतात. फिल्टर पंख्याच्या आधी असेल तर ते तिथेच अडकतात, पण काही गाड्यांत फिल्टर पंख्यानंतर असतो आणि सगळा कचरा आधी पंख्यातच जातो. डॅशबोर्डला जाणवणारी थरथर असंतुलनाची असते: एका बाजूला धुळीचा थर किंवा तुटलेली पट्टी. सकाळी सुरू करताच किंचाळणारा आणि काही मिनिटांत शमणारा आवाज कोरड्या बुशाचा.

काम सुरू करताना चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी आणि काही मिनिटे थांबावे. डावीकडची एअरबॅग ग्लोव्ह बॉक्सच्या वरच असते. तिच्या तारांच्या पिवळ्या कपलरना (जोडण्यांना) हात लावायचा नाही, हा नियम इथे अपवादाशिवाय पाळावा. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो बहुतेक गाड्यांत खाली येतो. मोटरचा कपलर काढून साधारण तीन स्क्रू सोडले की पंख्यासह मोटर हातात येते. स्क्रू सोडताना खालून हाताचा आधार द्यावा, नाहीतर ती एकदम निसटते.

आत उंदराचे घरटे किंवा लेंड्या दिसल्या तर मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण उंदरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. धूळ कोरड्या ब्रशने, दोन पट्ट्यांमधल्या प्रत्येक फटीतून काढावी. मोटरवर पाणी मारू नये. एखाद्या पट्टीवर धातूची लहान क्लिप अडकवलेली दिसते. ती कचरा नसून कारखान्यात तोल साधण्यासाठी लावलेले वजन असते. साफसफाईच्या उत्साहात ती काढली तर थरथर कायमची मागे लागते.

मग पंखा हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे. दांड्याला लांबीच्या दिशेने किंचित हालचाल असणे ठीक, पण आडवा हलत असेल तर बुश झिजलेला आहे. नुसता कोरडा असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब बुशाजवळ सोडून पंखा हाताने फिरवत राहावे. तेल कार्बन ब्रशवर जाऊ देऊ नये. गंज सोडवणारा फवारा इथे उपयोगाचा नाही, कारण तो उरलेले तेलही धुऊन टाकतो. तेलाने आवाज काही आठवड्यांत परतला तर झीज झाली असे समजून मोटर बदलावी. चालढकल महागात पडते: जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि कपलर वितळतो.

नवी मोटर पंख्यासकट मिळाली तर तीच घ्यावी, कारण तिचा तोल आधीच साधलेला असतो. नुसती मोटर घेतल्यास जुना पंखा दांड्यावर पूर्वीच्याच खोलीवर बसवावा, अन्यथा तो कवचाला घासतो. उलट ध्रुवांनी जोडलेली मोटर उलटी फिरते आणि तरीही थोडी हवा देते, त्यामुळे चूक लगेच लक्षात येत नाही. ग्लोव्ह बॉक्स बसवण्यापूर्वी सर्व वेगांवर पंखा चालवून हवेचा जोर तपासावा.