ईबी-१ए : असाधारण क्षमतेच्या शास्त्रज्ञाचे ग्रीन कार्ड

अमेरिकेत रोजगाराच्या आधारे कायम वास्तव्य, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळवण्याचे पाच प्रवर्ग आहेत. ईबी-१ए हा त्यांतील पहिल्या प्रवर्गाचा एक भाग. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने तो निर्माण केला. विज्ञान, कला, शिक्षण, उद्योग व क्रीडा या क्षेत्रांत असाधारण क्षमता असणाऱ्यांसाठी तो आहे. येथे नोकरी देणारी संस्था पाठीशी असावी लागत नाही. आय-१४० हा अर्ज शास्त्रज्ञ स्वतःच करू शकतो; ‘पर्म’ ही, त्या कामासाठी योग्य अमेरिकी कामगार मिळत नसल्याचे दाखवण्याची कामगार खात्याची प्रक्रियाही टळते. ज्याचा व्हिसा मार्गदर्शक प्राध्यापकाच्या अनुदानावर अवलंबून असतो, अशा पोस्टडॉकला (पीएच.डी.नंतर तात्पुरत्या पदावर असलेल्या संशोधकाला) ही मोकळीक फार मोलाची वाटते. आपल्याच क्षेत्रात काम चालू ठेवण्याचा इरादा मात्र दाखवावा लागतो.

नोबेलसारखा एखादा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार नसेल, तर दहापैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात. शास्त्रज्ञांची भिस्त बहुधा तिघांवर असते : शोधनिबंध, इतरांच्या निबंधांचे परीक्षण आणि क्षेत्रात महत्त्वाचे ठरलेले मूळ योगदान. पहिले दोन क्रियाशील संशोधकाला अवघड नसतात. खरी कसोटी तिसऱ्याची. निबंध शेकडो वेळा उद्धृत झाला एवढ्याने भागत नाही. ती पद्धत कोणत्या प्रयोगशाळांनी स्वीकारली, त्यातून उपचार, उपकरण किंवा पेटंट पुढे आले का, हे कागदोपत्री दाखवावे लागते. शिफारसपत्रांतही स्वतःच्या गाइडच्या स्तुतीपेक्षा, कधीही एकत्र काम न केलेल्या तज्ज्ञाने नेमकेपणाने लिहिलेले पत्र अधिक वजनदार ठरते.

तीन निकष जमले की काम झाले, हा समज चुकीचा आहे. आर्मेनियातील भौतिकशास्त्रज्ञ काझेरियन यांच्या खटल्यात २०१० साली नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने सांगितले, की शोधनिबंधांचा निकष तपासताना इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी नियमात नसलेल्या अटी घालू नयेत. त्यांचे दोनच निकष पूर्ण होत असल्याने अर्ज मात्र नामंजूरच राहिला. त्यानंतर तपासणी दोन टप्प्यांत होऊ लागली : आधी निकषांची मोजणी, मग सर्व पुराव्यांचा एकत्रित विचार. अर्जदाराची ख्याती टिकून आहे का, तो क्षेत्राच्या शिखरावरील मोजक्यांपैकी आहे का, हे दुसऱ्या टप्प्यात ठरते. हा टप्पा अधिकाऱ्याच्या आकलनावर फार अवलंबून असतो. संशोधन कितीही उत्तम असो, त्या विषयाबाहेरच्या माणसाला त्याचे महत्त्व समजेल असे लिहिणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

अर्ज मंजूर झाला तरी भारतात जन्मलेल्यांची रांग उरतेच. वर्षाला साधारण १ लाख ४० हजार रोजगार-आधारित व्हिसांपैकी सुमारे २८.६ टक्के पहिल्या प्रवर्गाला मिळतात आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा असते. हिशेब नागरिकत्वाचा नसून जन्मस्थानाचा असल्याने पुण्यात जन्मून पुढे कॅनडाचे नागरिक झालेले शास्त्रज्ञही भारताच्याच रांगेत धरले जातात. पती किंवा पत्नीचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर त्या देशाच्या कोट्याचा आधार घेता येतो. जादा शुल्क भरून १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळवण्याची सोय फक्त आय-१४० पुरती आहे. परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये ‘डेट करंट’ होण्याची, म्हणजे रांगेत आपल्या तारखेची पाळी येण्याची, वाट पाहावीच लागते.

फुलब्राइट शिष्यवृत्तीसारख्या सरकारी निधीवर जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसाने गेलेल्यांना आणखी एक अट असते. मायदेशी दोन वर्षे राहिल्याशिवाय किंवा त्या अटीतून रीतसर सूट मिळाल्याशिवाय त्यांना ग्रीन कार्ड मिळू शकत नाही, मग ईबी-१ए मंजूर झालेले का असेना.