अडथळा उंच, तरी सुटका लवकर

पाण्यातल्या एखाद्या सूक्ष्म कणाजवळ ऊर्जेचे दोन खळगे, म्हणजे त्याची ऊर्जा कमी असते अशा दोन जागा, आहेत आणि त्यांच्या मधे ऊर्जेचाच उंचवटा. पाण्याचे रेणू कणाला चहूबाजूंनी धडका देत असतात. योगायोगाने बऱ्याच धडका एकाच दिशेने बसल्या, की कण माथा ओलांडून पलीकडच्या खळग्यात उतरतो. यासाठी किती वाट पाहावी लागेल? स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियसच्या १८८९च्या सूत्राप्रमाणे उंची निर्णायक. तापमानाला बोल्ट्झमन स्थिरांकाने (तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरावीक संख्येने) गुणून येणाऱ्या ऊर्जेच्या २.३ पट एवढी भर उंचीत घातली, की वाट दहापट लांबते.

पण उंचीइतकाच आकारही बोलतो, आणि त्याच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हेन्ड्रिक क्रेमर्स या डच भौतिकशास्त्रज्ञाने १९४० साली हे गणिताने दाखवले. दाट द्रवात, म्हणजे जिथे घर्षण कणाचा वेग लगेच जिरवते तिथे, सुटकेचा दर तळाच्या आणि माथ्याच्या वक्रतेच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. उंची तीच ठेवून माथ्याची वक्रता एक चतुर्थांश केली, तर दर निम्म्यावर येतो. सपाट माथ्यावर पोचलेल्या कणाला कुठलाच उतार ओढत नाही. तो तिथेच घुटमळतो आणि पुष्कळदा आला त्याच खळग्यात परततो. पसरट खळग्यातला कणही असाच रेंगाळतो, चढाच्या पायथ्याशी क्वचितच येतो.

२०२० साली केंब्रिज आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी हा विचार फार पुढे नेला. लेसरच्या चिमट्यांनी, म्हणजे सूक्ष्म कण धरून ठेवणाऱ्या प्रकाशझोतांनी (आर्थर ॲश्किन यांना २०१८चे नोबेल मिळाले ते यासाठीच) त्यांनी अरुंद नळीत कणासाठी इंग्रजी ‘एन’ अक्षराच्या आकाराचा अडथळा रचला: आधी उभा चढ, मग लांब उतार, शेवटी पुन्हा चढ. दोन्ही टोकांची ऊर्जा सारखीच. अडथळा नसलेल्या मोकळ्या पाण्यात कण ज्या दराने बाहेर पडला असता, त्याच्या दुप्पट दराने तो बाहेर पडला!

मोकळा कण पुढे जातो तितकाच मागे येतो, त्यात त्याचा वेळ जातो. इथे पहिली भिंत उंच असली तरी अरुंद आहे, त्यामुळे थोडेच अंतर कापून ती ओलांडता येते. पुढचा उतार कणाला शेवटाकडे नेतो आणि तीच भिंत त्याला परत फिरू देत नाही. सिद्धान्तानुसार दाट द्रवात या वाढीला वरची मर्यादाच नाही. प्रयोगात मात्र लेसरचा ठिपका प्रकाशाच्या तरंगलांबीहून फारसा बारीक करता येत नाही, म्हणून भिंतही हवी तितकी अरुंद होत नाही.